आजीच्या पदकातलं जुनं नाणं: काढावं, घालावं की तसंच ठेवावं?

झुळूक
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा.
आजी गेल्यावर तिच्या डब्यातलं एक पदक माझ्या वाट्याला आलं. पदक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं चांदीचं जुनं नाणं, कडेने चांदीचीच पट्टी वळवलेली आणि वर कडी. आजी ते काळ्या दोऱ्यात घालायची, आंघोळीलाही काढायची नाही. ती त्याला "माझा महादेव" म्हणायची कारण दर्शनी बाजूला पिंडीसारखं काहीतरी आहे आणि वर चंद्रकोर. मागच्या बाजूला एका मिशीवाल्या माणसाचं तोंड आहे, ते बिचारं जन्मभर तिच्या छातीकडे बघत होतं.
आता घरात तीन पार्ट्या. आई म्हणते हात लावू नकोस. मुलगा म्हणतो पट्टी काढून नाणं वेगळं कर, अशाने त्याची वाट लागते. आणि मला खरं सांगायचं तर ते सोन्याच्या कोंदणात बसवून घालायचंय. एका सोनाराला विचारलं तर तो म्हणाला द्या इकडे, पॉलिश करून नव्यासारखं चमकवतो, मी पदक घेऊन परत आले. काय करू?

उंटावरचा_शहाणा
मिशीवाल्या माणसाला आधी विचारा की इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं केल्याबद्दल त्याचं काय म्हणणं आहे.

रविवारचा_नाणेवाला
फोटो टाका ताई. दोन्ही बाजू, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. वर्णनावरून नव्वद टक्के अंदाज आलाय पण फोटो बघितल्याशिवाय तोंड उघडणार नाही. आणि तोपर्यंत कृपा करून काहीही घासू नका, टूथपेस्ट नाही, चिंच नाही, रिठा नाही, सिल्व्हर डिप तर अजिबातच नाही.

झुळूक
फोटो टाकलेत. टूथपेस्टचं काय ते एक कबूल करते, मागच्या दिवाळीत एकदा लावली होती. महादेवाच्या बाजूला. 🙈

रविवारचा_नाणेवाला
झालं ते झालं, पुन्हा नको.
हे पश्चिमी क्षत्रपांचं, म्हणजे गुजरात-माळव्याकडे राज्य करणाऱ्या शक राजांचं, चांदीचं नाणं आहे. पिंड नाही ती, तीन कमानींचा डोंगर आहे, काही लोक चैत्य म्हणतात. खाली नागमोडी रेघ आहे ती नदी समजतात, डोंगराच्या एका बाजूला चंद्र आणि दुसऱ्या बाजूला सूर्य. कडेने गोल फिरलेली अक्षरं ब्राह्मी आहेत. राजाच्या बाजूला कडेला ग्रीक अक्षरांची नक्कल असते, पण या काळापर्यंत ती नुसत्या रेघोट्या झाल्या होत्या, वाचायच्या भानगडीत पडू नका.
क्षत्रपांची एक फार चांगली सवय म्हणजे नाण्यावर स्वतःच्या नावाबरोबर बापाचंही नाव घालायचे. तुमच्या नाण्यावर वरची पट्टी काही अक्षरं खातेय तरी "वीरदामपुत्रस" बऱ्यापैकी दिसतंय. वीरदामाचा मुलगा म्हणजे महाक्षत्रप रुद्रसेन, या नावाचा दुसरा. तिसऱ्या शतकातला माणूस. आजीचा महादेव साडेसतराशे वर्षांचा आहे!
आणि दुसरी चांगली सवय, राजाच्या डोक्यामागे शक संवत्सराचा आकडा. तुमच्यात शंभराची खूण दिसते, त्याखाली ऐंशीची दिसते (ब्राह्मीत दशकाला वेगळी खूण असायची, शून्य नव्हतं) आणि एकं मात्र पट्टीखाली गेलंय. म्हणजे शके १८० ते १८९ मधलं काहीतरी, ७८ मिळवा, इसवी सन २५८ ते २६७.

झुळूक
अंगावर काटा आला. मी हे गळ्यात घालून भाजी आणायला जाणार होते.

नांगरट
मग प्रश्नच संपला, पट्टी काढा. वर्ष पट्टीखाली आहे आणि तुम्ही अजून विचारताय? मी असतो तर आत्तापर्यंत पक्कड घेऊन बसलो असतो.

चांदीवाला_बाब्या
नांगरट, पक्कड हा शब्द मागे घ्या. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे म्हणून सांगतो.
इतकी जुनी चांदी वरून चांदी दिसते पण आतून ती बऱ्याचदा ठिसूळ झालेली असते. शेकडो वर्षं जमिनीत राहून धातूच्या कणांची आपापसातली पकड सुटते, नवीन चांदी वाकते तशी ही वाकत नाही, सरळ टचकन तुटते, बिस्किटासारखी. मी एक असंच नाणं तुटताना बघितलंय, कडी सरळ करायला म्हणून कारागिराने नुसतं चिमट्यात धरलं होतं. दोन तुकडे झाले आणि दुकानात पाच मिनिटं कोणी बोललं नाही.
दुसरं उष्णता. चांदी ९६१ अंशाला वितळते आणि डाक (सांधा जोडायचा धातू) त्याच्या बरंच खाली वितळत असला तरी नाणं तेवढं तापवणं म्हणजे त्याच्यावरचा जुना थर, बारीक भेगा, सगळ्याशी खेळ. म्हणजे सोन्याच्या कोंदणात बसवायचं असेल तरी नाणं आत असताना आग लावायची नाही, कोंदण आधी पूर्ण करायचं, थंड झाल्यावर नाणं ठेवायचं. हे सगळ्या सोनारांना माहीत असतं, पण गिऱ्हाईक घाई करतं.
ताई एक बघून सांगा, कडी पट्टीला जोडलीय की थेट नाण्याला? भिंगातून बघा.

गारगोटी
मी थोडं वेगळं बोलणार आहे, शिव्या घाला.
पट्टी काढणारे सगळे असं गृहीत धरतायत की २६० साल खरं आणि आजीची पट्टी म्हणजे कचरा. का बरं? नाण्याचा दागिना करणं हे काही आजीच्या सोनाराने काढलेलं खूळ नाही. रोमन नाणी आपल्याकडे व्यापारात यायची आणि इथले लोक त्यांना भोकं पाडून, कडी लावून गळ्यात घालायचे. तेरच्या उत्खननात तर रोमन नाण्यांची मातीतली नक्कल सापडलीय, कडीसकट, म्हणजे ज्याला सोनं परवडत नव्हतं त्याने मातीचं घातलं. आणि रोममध्येही सम्राटाचं तोंड असलेली सोन्याची नाणी चौकटीत बसवून मिरवायचे. मग आजी त्या रांगेतली शेवटची बाई झाली, इतकंच. पट्टी काढलीत तर तुमच्याकडे एक साधंसं क्षत्रप नाणं उरेल, तशी हजारो आहेत. आजीचा महादेव एकच आहे. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

रविवारचा_नाणेवाला
गारगोटी, मुद्दा आवडला पण अर्धाच. दुसऱ्या शतकात पाडलेलं भोक हा पुरावा आहे, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी हा पुरावा कसला?

गारगोटी
पन्नास वर्षांपूर्वीच्या बाईचा. अजून तीनशे वर्षांनी तोही जुना होईल.

टिंब_टिंब
+१ गारगोटी. शिवाय नाण्यांशी छेडछाड खुद्द राजे करायचे. नाशिककडच्या जोगळटेंभीचा साठा आठवा, १९०६ मध्ये सापडलेला, तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी नहपान या आधीच्या क्षत्रप राजाची आणि त्यातल्या नऊ हजारांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे शिक्के परत मारलेले, थेट नहपानाच्या तोंडावर. आज कोणी म्हणतं का की वरचा शिक्का खरवडून मूळ नहपान दाखवा?

अक्कलखाते
अवांतर: नहपान निघालाच आहे तर त्याच्या जावयाचं सांगायलाच हवं. उषवदात. नाशिकच्या लेण्यात (क्रमांक १०) त्याचा लेख आहे, भिक्षूंसाठी तीन हजार काहापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांवर वर्षाचे २४० होतात, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण कपड्यांसाठी. हिशोब चोख जुळतो. सासऱ्याच्या राज्यात जावयाची एफडी आणि तीही बारा टक्क्यांनी, आज कोण देतं सांगा!

उंटावरचा_शहाणा
दोन वेगवेगळ्या श्रेणींमध्ये ठेवले म्हणजे जावई सावध होता. एक बुडाली तर दुसरी.

झुळूक
म्हणजे माझं नाणं त्या एफडीतलं असू शकतं?? 😍

रविवारचा_नाणेवाला
नाही हो. नहपान वेगळ्या घराण्यातला, क्षहरात, आणि तुमच्या रुद्रसेनाच्या शंभर वर्षांहून जास्त आधीचा. तुमचा कार्दमक घराण्यातला. नहपानाच्या नाण्यावर डोंगरही नसतो, बाण आणि वज्र असतं. एफडी विसरा.

झुळूक
😒
बाब्यादादा, भिंगातून बघितलं. कडी पट्टीला जोडलीय, नाण्याला नाही. पट्टीचा सांधा बरोबर कडीखाली आहे. मागे लाख वगैरे काही नाही, दोन्ही बाजू उघड्या.

चांदीवाला_बाब्या
उत्तम. ज्याने केलं त्याला अक्कल होती. मग काढायचंच ठरलं तर सोपं आहे, बारीक करवतीने पट्टी कापायची, कडीच्या शेजारी, आणि पट्टी उलगडत न्यायची. नाण्यावर जोर शून्य. पट्टी मरू दे, नाणं जगलं पाहिजे. पण डाक ओघळून कुठे नाण्याच्या कडेवर गेला असेल तर तिथे थांबायचं, तेवढी पट्टी राहू द्यायची. आणि डोळ्यासमोर करून घ्या, ठेवून जाऊ नका. काढाच असं म्हणत नाहीये.

नांगरट
काढाच.

साधीभोळी
आमच्याकडे सासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे, त्यावरून नणंदेत आणि माझ्यात बारा वर्षं अबोला आहे त्यामुळे मला या विषयातलं कळतं. 😄
पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची डुकाट, हे मला इथल्याच एका जुन्या धाग्यावर कळलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडत होते आणि चित्र जवळपास तेच. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख असतो आणि मागे लंबगोलात येशू. आमच्या सासूबाई रोज त्याला हळदकुंकू लावायच्या. मी एकदा सांगायला गेले की अहो आई हा येशू आहे, तर म्हणाल्या असू दे, देवच आहे ना. नंतर एकाने तपासून सांगितलं की आमच्या बहुतेक पुतळ्या इथेच केलेल्या नकला आहेत, अक्षरं नुसती काड्या काड्या. सोनं मात्र खरं निघालं.
मुद्दा काय, माळ मोडून पुतळ्या वाटून घ्यायचं ठरत होतं. मी नाही म्हटलं. म्हणून अबोला.

झुळूक
साधीभोळी, असू दे देवच आहे ना 🙏 माझी आजी हेच म्हणाली असती.

मी_अनामिक
खरं कशावरून? म्हणजे नाणं. वाईट वाटून घेऊ नका पण क्षत्रप नाण्यांच्या साच्यात ओतलेल्या नकला ढिगाने मिळतात. ओतीव नकलेच्या कडेला सांधा दिसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, नक्षी मऊ मऊ. आणि नेमकी कडच तुमच्या पट्टीखाली आहे, वजनही पट्टीसकटच करता येणार. या नाण्यांचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास असतं. दागिन्यात बसवलेलं नाणं हे खपवायला सगळ्यात सोयीचं असतं.

रविवारचा_नाणेवाला
शंका रास्त. पण आजीच्या गळ्यात ते कोणी विकायला घातलं नव्हतं. आणि फोटोत राजाच्या गालावरून जी बारीक भेग गेलीय ती ओतीव नकलेत सहसा अशी येत नाही. मला खरंच वाटतंय. हातात घेतल्याशिवाय शपथ घेणार नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, त्या बाजूला कधी गेलात तर दाखवून बघा.

कायद्याचा_किडा
उशिरा आलो. कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, आजीकडे हे आलं कुठून? शेतात सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू कलेक्टरला कळवायची असते. दहा रुपये ही मर्यादा तेव्हाची, अजून तीच आहे.
आणि १९७२ चा पुरावशेष कायदा, शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष. घरात ठेवायला, घालायला काही अडचण नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. देशाबाहेर मात्र नेता येत नाही. दागिन्यात बसवलेलं असलं तरी ते नाणंच.

झुळूक
कुठून आलं ते नक्की माहीत नाही. आई म्हणते पणजोबा दागिने गहाण ठेवून पैसे द्यायचे, कोणीतरी सोडवायला आलंच नाही.
पण देशाबाहेरचं जे लिहिलंत ते वाचून धस्स झालं. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. माझी धाकटी बहीण बाहेर असते, आजीची लाडकी तीच. शेवटच्या वेळी आजीने तिला फोनवर सांगितलं होतं म्हणे, महादेव तुझा. आईने तो माझ्याकडे दिला. बहीण पुढच्या महिन्यात येतेय आणि मला वाटत होतं की मी सोन्यात बसवून आधीच गळ्यात घातलं की विषय संपेल. हे लिहिताना लाज वाटतेय.

साधीभोळी
अगं बाई. आलीस तर मग मूळ प्रश्नावर.

उंटावरचा_शहाणा
मी जोक मारणार होतो, राहू दे.

नांगरट
गळ्यात घालून गेली तर कोण बघतंय विमानतळावर

कायद्याचा_किडा
नांगरट, सापडलं तर जप्ती आणि केस, आणि केस बहिणीवर. भारतातून पुरावशेष फक्त केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्थाच बाहेर पाठवू शकते. एखादी वस्तू पुरावशेष नाही असं पुरातत्त्व विभागाकडून लिहून मिळतं, पण ते कशासाठी, तर जी नाहीये तिच्यासाठी. हे उघड उघड आहे.

गारगोटी
झुळूक, एक सुचवू का. बहिणीला नाणं हवंय की आजीच्या गळ्यात दिसायचं ते हवंय? नक्कल करून घ्या चांदीची. आमच्या एका नात्यातल्या मुलीसाठी अशी केली होती, फोटोवरून, मूळ वस्तू साच्यात न घालता. मागे करणाऱ्याने वर्ष कोरलं म्हणजे पुढे कोणी फसणार नाही.

मी_अनामिक
वर्ष कोरलं म्हणजे फार बरं केलं. नाहीतर पन्नास वर्षांनी तिची नात इथे धागा काढेल.

चांदीवाला_बाब्या
आणि मूळ पदक जे कोणी ठेवेल त्याने रोज घालू नये ताई. घाम, अत्तर, दोऱ्याचं घासणं. राजाचं नाक फोटोत सपाट झालेलं दिसतंय ते साडेसतराशे वर्षांत झालेलं नाही, ते आजीच्या पोलक्यावर घासून झालंय. कधी सणाला घाला, काढून मऊ कापडाने टिपून ठेवा. त्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते पाकीट हळूहळू चिकट होतं आणि धातूला खातं. रबरबँडही लांब ठेवा, चांदी काळी पडते. आम्लरहित कागदाची पुडी सगळ्यात बरी.

झुळूक
आजीच्या पोलक्यावर घासून गेलेलं राजाचं नाक. बाब्यादादा, तुम्ही हे लिहिलंत आणि मी अर्धा तास रडत बसले.

झुळूक
(वीस दिवसांनी) अपडेट देते, कोणाला आठवत असेल तर.
बहीण आली. हा सगळा धागा तिला वाचायला दिला, लाज वाटली ती ओळसुद्धा. ती काही बोलली नाही, वाचून झाल्यावर म्हणाली मिशीवाल्याचा फोटो मोठा करून दाखव. तिला तो आठवतच नव्हता, तिने कायम महादेवाचीच बाजू बघितलेली. मग म्हणाली मी लहान असताना आजीच्या मांडीवर झोपायचे तेव्हा पदक उलटं व्हायचं आणि माझ्या गालावर हे तोंड टोचायचं, ते नाक होतं होय.
पट्टी काढली नाही. नाणेवाला काका, सॉरी, एकं कळणार नाही. मुलगा वैतागलाय, म्हणतो दहा वर्षांच्या अंदाजावर कोण जगतं. सोन्याचं कोंदण रद्द. नवा काळा दोरा ओवलाय, मऊ, सुती. पदक इथेच राहणार, ती आली की ती असेल तितके दिवस तिच्या गळ्यात आणि एरवी कागदाच्या पुडीत. नक्कल करायला दिलीय, वर्ष कोरून. तिने एकच अट घातली, नकलेत राजाचं नाक आत्ता आहे तसंच सपाट करायचं.

रविवारचा_नाणेवाला
सॉरी कशाला. शके १८० ते १८९, पुरे आहे. मला आठवड्यातून एकदा तो आकडा आठवेल तेवढं चालवून घेईन.

गारगोटी
नाक सपाट 👏👏

नांगरट
मी अजूनही म्हणतो काढायला पाहिजे होती. पण बरं केलंत.

नवीनसभासद७७
नमस्कार, माझ्याकडे राणीछाप रुपया आहे, एका जाहिरातीत लाखो रुपये मिळतील असं लिहिलंय, आधी थोडी फी भरायला सांगतायत. भरू का?

कायद्याचा_किडा
भरू नका. अशा जाहिरातींत आपलं नाव वापरतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आणि हे विचारायला नवा धागा काढा हो, इथे रुद्रसेन झोपलाय.